‘आम्ही आहोत ना’ हे उत्तर नव्हे

अपंग मुलाला ‘तुझं तू कर’ म्हणणं हा क्रूरपणा आहे, असं मत अलीकडे बऱ्याच भल्या माणसांकडून ऐकू येतं. पालकांच्या मेळाव्यात, नातेवाइकांच्या बैठकीत, कधी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मांडणी साधारण अशी: देवानं त्या लेकराचं आधीच इतकं काढून घेतलंय, आता उरलेले कष्ट तरी त्याच्यामागे कशाला लावायचे? स्वावलंबन, स्वयंनिर्णय, निवडीचा हक्क हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ. तिकडे पोरांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, म्हणून त्यांना ते लागतं. आपल्याकडे कुटुंब आहे. आणि तीन-चार वर्षांच्या पोराला निवड करण्यातलं काय कळतंय? मोठं झाल्यावर बघू. तोवर आम्ही आहोत ना.

हे बोलणारी माणसं वाईट नसतात, हीच खरी अडचण. दुष्टाशी भांडणं सोपं असतं. जो बाप सात वर्षांच्या मुलाला रोज सकाळी कडेवर घेऊन तीन जिने उतरतो, त्याला ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही. पण लहान अपंग मुलांबरोबर काम करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आहेत, आणि तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं मूल विसाव्या वर्षी कसं दिसतं, हेही मी पाहिलं आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी ते ‘परदेशी खूळ’ निकालात काढू. मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टरीणबाईंनी 1900 च्या सुमारास रोममध्ये ज्या मुलांबरोबर काम सुरू केलं, त्यांना तेव्हा ‘मंदबुद्धी’ म्हणून वेगळं काढलं जायचं. इटार्ड आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी केलेलं काम त्यांनी अभ्यासलं, पुढे नेलं, आणि त्यातून जे हाती आलं ते 1907 मध्ये सान लोरेंझोच्या गरीब वस्तीतल्या सर्वसाधारण मुलांसाठी वापरलं. जगभरच्या माँटेसोरी बालवाड्यांचा उगम हा असा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, तो याच विचाराच्या पायावर. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तो विचार आदिवासी पाड्यापर्यंत नेला. खुद्द माँटेसोरीबाई 1939 मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षं इथेच राहिल्या. लाकडी चौकटीवरची बटणं लावणं, छोट्या सुरईतून पाणी ओतणं, आपलं आसन आपण गुंडाळून ठेवणं हे सगळं मराठी मध्यमवर्गानं आपल्या धडधाकट पोरांसाठी शंभर वर्षांपूर्वीच आपलंसं केलं, आणि त्याचं कौतुकही केलं. ज्या मुलांच्या हातांवर ही पद्धत घडली, त्यांच्या बाबतीत मात्र ती अचानक परकी ठरते. हा न्याय मला कळलेला नाही.

राहिला कुटुंबाचा मुद्दा. ज्या कुटुंबाचा हवाला दिला जातो, ते बहुतेक वेळा डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत राहणारं आई-बाप-पोर असतं; काका पुण्यात, आत्या सुरतेला. पण समजा, वाडा आहे, दहा माणसं आहेत. अशा घरात लहान मुलाला जागा कशानं मिळते? पानं घे, पाणी वाढ, आजोबांचा चष्मा आण, अशा हजार बारीक कामांनी. भाऊबहिणींना ती कामं मिळतात, रागावणंही मिळतं. अपंग मुलाला फक्त लाड मिळतात. ज्याच्यावाचून घरातलं काहीच अडत नाही, असं ते घरातलं एकटं माणूस असतं. कुटुंबपद्धतीचा अभिमान असेल, तर त्या पद्धतीतलं एखादं काम त्याच्याकडेही द्या.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. स्वावलंबन म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय सगळं स्वतःच्या हातानं करणं, अशी समजूत विरोधकांची आहे, आणि खेदानं सांगते, आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या लोकांचीही आहे. तसं असेल तर गंभीर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला स्वावलंबनाचं नावही घेता येणार नाही. त्याचे हात आयुष्यभर त्याचं ऐकणार नाहीत. मग त्याचा विषय संपला?

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स या माणसानं हा गोंधळ साठ वर्षांपूर्वी सोडवला. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर गेलं. रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपावं लागे. हा मुलगा 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला, आणि तिथल्या सोबत्यांना घेऊन त्यानं जी चळवळ उभी केली, तिच्यातून 1972 मध्ये स्वतंत्र जगण्याचं पहिलं केंद्र निघालं. शर्ट घालायला त्याला माणूस लागायचा, जेवायला लागायचा, कूस बदलायलाही लागायचा. तरी तो स्वतंत्र होता. कारण माणूस कोणता, तो कधी येणार, शर्ट कुठला घालायचा आणि तो घालून जायचं कुठे, हे तो ठरवत असे.

त्याच 1972 मध्ये मुंबईत मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था काढली. निमित्त त्यांची स्वतःची मुलगी, मालिनी चिब. मालिनींना उभं राहणं, बोलणं, वस्तू धरणं, सगळंच अवघड. 2010 मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ते त्यांनी एका बोटानं टंकलेलं. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तरुणपणात कमरेखालच्या लुळेपणानं खुर्चीत बसवलं. त्यांनी त्या खुर्चीतून संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ लिहिलं. या तिघांपैकी कुणीही ‘मदतीशिवाय’ जगलेलं नाही. त्यांच्याबद्दल बोलताना लोक त्यांच्या जिद्दीचे गोडवे गातात आणि तिथेच थांबतात. मला त्यांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: कुणीतरी त्यांना वेळेवर विचारलं होतं, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबलं होतं.

हे लहान वयात कसं दिसतं ते जेवणाच्या ताटावर दाखवते, कारण तात्त्विक चर्चेत सगळेच माना डोलावतात. चार वर्षांचा मुलगा, हातपाय ताठ, बोलणं नाही. आई त्याला मांडीवर आडवा घेऊन भरवते. समोर मोबाइलवर कार्टून. मऊ वरणभाताचा चमचा वरून येतो, ओठ चमच्यानंच उघडले जातात, मान मागे जाते, घास आत. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत उरकतं. पोरगं कार्टून बघत असतं. आपण जेवतोय हे त्याच्या गावीही नसतं. मान मागे टाकून भरवलेला घास श्वासनळीत जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

आता बदल एवढाच करायचा. मोबाइल बंद. मुलाला टेकू देऊन ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. चमचा त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, हनुवटीच्या उंचीला धरायचा, आणि थांबायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही. चमचा आपोआप आत येतो एवढंच त्याला माहीत. आपल्याला काही करायचं असतं हे ठाऊकच नसतं. आजी दारातून म्हणते, ‘अगं, भरव ना त्याला, कधी संपायचं त्याचं!’ थांबायचं. मग कधीतरी ते चमच्याकडे बघतं, किंवा ओठ जरासे हलतात. लगेच घास. पुढच्या घासाला पुन्हा तेच. काही दिवसांत मूल चमच्याकडे बघून तोंड उघडायला लागतं, आणि पोट भरलं की तोंड फिरवतं. मग दोन वाट्या, एकीत आमटी-भात, एकीत दही-भात, दोन्ही हातांत लांब लांब धरायच्या. नजर जिथे ठरेल तो घास. हात अजूनही आईचाच आहे, यापुढेही कदाचित आईचाच राहील. पण जेवण आता त्याचं आहे.

यात अमेरिका कुठे आली? आणि क्रूरपणा तरी कुठे?

‘पण त्याला कळतच नाही’ हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते. त्याला माझं उत्तर असं की, कळतं की नाही हे तुम्ही शोधलेलंच नाही. आपण प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो. ‘दूध हवं? हो ना? हे घे.’ ज्या मुलाच्या मेंदूकडून ओठांपर्यंत निरोप पोहोचायलाच वेळ लागतो, त्याचं उत्तर वाटेत असताना आपण पेला त्याच्या तोंडाला लावलेला असतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजून पाहा. फार लांब वाटतं, आणि त्या दहामध्ये काय काय घडतं ते बघून पालक थक्क होतात.

अंध बाळांचं उदाहरण घ्या. सेल्मा फ्रायबर्ग या संशोधक बाईंनी अंध बाळांचा अगदी लहान वयापासून पाठपुरावा केला आणि 1977 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डोळस बाळ पाच महिन्यांचं झालं की दिसलेल्या खुळखुळ्याकडे हात नेतं. अंध बाळाला मात्र नुसत्या आवाजावरून ‘तिथे काहीतरी आहे’ हे उमगायला वर्षाचा शेवटचा टप्पा यावा लागतो, आणि तो हात पुढे जाईपर्यंत त्याचं रांगणंही अडून राहतं. या मधल्या काळात आपण काय करतो? बाळ शांत बसलंय, हाताशी काही मागत नाही, तेव्हा ‘गरीब आहे हो’ म्हणतो आणि वस्तू त्याच्या हातात आणून कोंबतो. त्याच्या जगात वस्तू हवेतून येतात आणि हवेत जातात. शोधायला जायचं असतं, हेच त्याला कळू दिलं जात नाही. मग आपण म्हणतो, याला कळत नाही.

अशा मुलांना शिकवण्याची एक रीत आमच्यात आहे. सवयीनं मोठं माणूस मुलाचा हात वरून पकडतं आणि काम करवून घेतं. त्याऐवजी आपला हात खाली ठेवायचा आणि मुलाचा हात आपल्या हातावर. समजा आजी मटार सोलतेय आणि तीन वर्षांची अंध नात शेजारी आहे. नातीचे तळहात आजीच्या हातांवर. शेंग दाबल्यावर होणारा बारीक फट् आवाज, अंगठा आत सरकणं, दाणे घरंगळणं, हे सगळं ती आजीच्या हातांवरून वाचते. कंटाळा आला तर हात काढून घेते. वाटलं तर बोटं खाली उतरवून एखादा दाणा स्वतः काढते. हात वरून पकडलेला असता, तर या दोन्ही गोष्टी तिला करता आल्या नसत्या.

बोलण्याबद्दलही असंच. ‘आधी बोलायला लागू दे, मग विचारू.’ चित्रांची पाटी किंवा टॅब दिला तर बोलायचा आळस करील, ही भीती मराठी घरांत घट्ट बसलेली आहे. काही डॉक्टरही ती पसरवतात. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी या विषयावरचा तोवरचा अभ्यास एकत्र करून तपासला. भक्कम पुरावा असलेली 27 माणसं होती. चित्र, खुणा, यंत्रं अशी साधनं दिल्यावर त्यांतल्या 89 टक्क्यांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. कमी एकाचंही झालं नाही. आयआयटी मुंबईत ‘जेलो’ नावाचं अॅप तयार झालं आहे, ते मराठीतही आहे. आणि अॅप नको असेल तर जुन्या पाकिटावर दोन चित्रं काढून चिकटवा: एक ‘अजून’, एक ‘पुरे’. फक्त एक अट. मुलानं ‘पुरे’वर बोट ठेवलं की खरोखर पुरे करायचं. आपल्याला हवं तेच निवडलं तर शाबासकी आणि नको ते निवडलं तर ‘नाही हं बाळा, हे बघ’, असं दोनदा झालं की मूल तो कागद फेकून देतं. बरोबर करतं.

इथे काही जण लगेच विचारतात, मग औषधही त्याच्या मर्जीवर सोडायचं का? रस्ता ओलांडणंही? अहो, धडधाकट पोराचं तुम्ही काय करता? फिटचं औषध घ्यायचं की नाही, हा प्रश्नच नाही. चमच्यानं की ड्रॉपरनं, बाबांच्या हातून की ताईच्या, हा आहे. स्वयंनिर्णय म्हणजे घर पोराच्या हाती सोपवणं नव्हे. पण ज्या पन्नास गोष्टी बिनधोक त्याच्यावर सोडता येतात, त्यांतली एकही न सोडता औषधाचं उदाहरण पुढे करायचं, ही पळवाट आहे.

पुढचा बालेकिल्ला थेरपीचा. ‘आधी व्यायाम, चालायला लागू दे, मग बाकीचं.’ व्यायाम हवाच. फिजिओच्या विरोधात मी बोलत नाही. पण चालण्याची वाट बघताना मूल पाच-सहा वर्षं एका जागी ठेवलं जातं, आणि ते कुठे जाणार हे नेहमी उचलणारा ठरवतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत चार्लीन बटलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वीस महिन्यांचं मूलसुद्धा विजेची चाकखुर्ची चालवायला शिकतं, आणि ती मिळाल्यावर मुलांचा स्वतःहून काही करण्याकडे कल वाढताना दिसला. डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी पुढे बाजारातल्या खेळण्यातल्या बॅटरी-गाड्याच मोठं बटण लावून अशा मुलांसाठी वापरात आणल्या. आपल्याकडे विजेची खुर्ची राहू द्या, साधी खुर्चीही केव्हा येते? आईची कंबर गेल्यावर. मुलाची गरज हा निकषच नसतो. आणि आली तरी शिबिरात वाटलेली मोठ्या मापाची, जिच्यात पोराचे हात चाकापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे पुन्हा ढकलणारा आलाच. ‘खुर्चीची सवय लागली तर चालणार नाही’ असं म्हणतात. चष्म्याची सवय लागली तर बघणार नाही, असं कुणी म्हणत नाही.

आता सगळ्यात अप्रिय मुद्दा. शहाणं, सांगितलेलं ऐकणारं, कुणीही उचललं तरी न रडणारं अपंग मूल सगळ्यांना आवडतं. शाळेत त्याचं कौतुक होतं. स्वमग्न मुलाला ‘शांत बस, हात खाली, माझ्याकडे बघ’ हे तासन्‌तास शिकवलं जातं, आणि ‘नको’ म्हणणं हा त्याचा ‘वर्तनदोष’ म्हणून फाइलीत नोंदला जातो. अंगाला कुणीही, कधीही, न विचारता हात लावावा आणि आपण हूं की चूं करू नये, हे जर आपण मुलाला आठ वर्षं रोज शिकवलं, तर नवव्या वर्षी वाईट हेतूनं आलेला हात त्याला ओळखता कसा येईल? 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात अपंग मुलांवर हिंसाचार होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट आढळली. त्याच वर्षीच्या आपल्या पोक्सो कायद्यानं मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा मानला. कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्याआधी मुलाकडे एकच शस्त्र असतं, ‘नको’. ते आपणच, चांगल्या हेतूनं, काढून घेतो. लंगोट बदलण्याआधी ‘आता चड्डी काढू?’ असं विचारून क्षणभर थांबणं हास्यास्पद वाटतं ना? दोन वर्षांच्या मुलीला त्यातून समजतं की हे शरीर आपलं आहे, आणि दुसऱ्यानं विचारायचं असतं.

हे समजू दिलं नाही तर पुढे काय होतं, त्यासाठी फार लांब जायला नको. 1994 मध्ये शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय गृहातल्या काही जणींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण दिलं गेलं स्वच्छतेचं: यांना पाळी सांभाळता येत नाही. विरोध झाला, तेव्हा ते थांबलं. मला त्या वादात नेहमी एक प्रश्न पडत आला: या मुली पाच-सहा वर्षांच्या असताना त्यांना आपली चड्डी आपण बदलायला, मळलेला कपडा वेगळा टाकायला कुणी आणि किती वेळा शिकवलं होतं? आधी शिकवायचं नाही, मग येत नाही म्हणून अवयव काढायचा. याउलट 2009 मध्ये चंडीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं ग्राह्य धरलं. तिला मूल हवं होतं, आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असं न्यायालयानं सांगितलं. न्यायालयानं तिला विचारलं जावं असं म्हटलं. आमचा आग्रह फक्त एवढाच की विचारायला न्यायालयापर्यंत जायची वेळ येऊ नये.

विरोधकांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी नमते. वेळ. सकाळी पाणी तासभर येतं, नवऱ्याचा डबा, मोठ्या पोरीची शाळा, आणि त्यात शर्टाच्या एका बटणाला पंधरा मिनिटं? सल्ला देणारे आम्ही, राबणारी ती. स्वावलंबनाचं ओझं मुलाच्या नावानं बाईच्याच डोक्यावर चढतं, हे खरं आहे. बाप बहुधा ‘प्रगती’ ऐकायला येतो. म्हणून मी घरी पाठवताना कधीच ‘रोज सगळं स्वतः करू द्या’ असं सांगत नाही. एक कपडा, एक पायरी, आणि तीही शेवटची. टी-शर्ट आईनंच घालावा, डोकं, दोन्ही हात सगळं. फक्त पोटावर अडकलेला घेर खाली ओढायचा मुलानं. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, आणि आईची दोन मिनिटंच जातात. ते जमलं की एक पायरी मागे. घाईच्या सकाळी तेही नको, रविवारी करा. चोवीस तास तपस्या करायला कुणी सांगितलेलं नाही.

पण वेळेचा प्रश्न घरानं एकट्यानं का सोडवायचा? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो 6 ते 18 वयासाठी. सवयी लागतात त्या पहिल्या सहा वर्षांत, आणि तिथे कायद्याचा हात आखडलेला. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची अपंग मुलं वीस लाखांवर होती. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातून निदान होतं, जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत चिठ्ठी जाते. अपंग मुलांना अंगणवाडीत सामावून घेण्याची कार्यपद्धती 2023 मध्ये निघाली. कागद चांगले आहेत. पण पंचवीस पोरं, पोषण आहार आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेला जोडीला आणखी एक माणूस दिल्याशिवाय त्या कागदांचा उपयोग नाही. ‘कुटुंब आहे ना’ या युक्तिवादाचा सगळ्यात मोठा लाभार्थी सरकार आहे, हे तो करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. त्यावर शोधलं जाणारं उत्तर ठरलेलं: अठरा पूर्ण झाली की राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे अर्ज करून पालकत्व घ्यायचं, ताईचं नाव लावायचं, थोडे पैसे बाजूला टाकायचे. करा, जरूर करा. पण 2016 च्या कायद्यातलं पालकत्वही मर्यादित आहे, पालक आणि ती व्यक्ती यांनी मिळून निर्णय घ्यायचे, अशी त्याची कल्पना आहे. आणि मुलांना आपल्याबाबतच्या प्रत्येक गोष्टीत मत मांडण्याचा हक्क आहे, त्यासाठी वयाप्रमाणे आधार द्यायला हवा, असं त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं. ज्यानं अठरा वर्षांत आपला शर्टही निवडलेला नाही, तो ताईबरोबर ‘मिळून’ काय ठरवणार? ‘याला काही कळत नाही’ हे समितीपुढे सिद्ध करायला पुरावा गोळा करावा लागत नाही; तो आपण घरी अठरा वर्षं तयार केलेला असतो. शिवाय ताईलाही कुणी विचारलेलं नसतं, हे जाता जाता.

शेवटी आमच्याच बाजूच्या मंडळींशी थोडं भांडण. स्वावलंबनाचा जप करणाऱ्या कित्येक शाळा, खास शाळासुद्धा, प्रवेशाच्या वेळी विचारतात: शौचाला स्वतः जातो का? जेवतो का? चालतो का? ‘नाही’ असेल तर आधी शिकवून आणा. जे शिकवायला शाळा आहे, तेच प्रवेशाची अट! सरकारमान्य शाळांनी अपंग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं 2016 च्या कायद्याचं कलम 16 म्हणतं, तरी हा रकाना छापला जातोच. स्नेहसंमेलनात मग हीच शाळा पोरांकडून व्यासपीठावर बटणं लावून दाखवते, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि त्या मुलांना कार्यक्रमात भाग घ्यायचा होता का, हे कुणाच्या मनातही येत नाही. असलं स्वावलंबन बघून पालक बिथरले, तर त्यांचं काय चुकलं? मुलाला ‘लायक’ ठरवण्याची परीक्षा म्हणून आपणच ते वापरतो.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक सुचवते. पुढच्या जूनसाठी अर्ज छापायला द्याल, तेव्हा ‘मूल शौचाला स्वतः जाते काय’ हा रकाना काढा आणि त्या जागी ‘मूल हो आणि नाही कसे सांगते’ हा घाला. छपाईचा खर्च तेवढाच येईल.